अमोनिया अडतीस

कॅम्पच्या स्वयंपाकघरात कुणीतरी
फरशीचं जालीम औषध मोरीत ओतलं, पिंपभर,
आणि तिसऱ्या टाकीतले माझे जीव
एका रात्रीत गेले.
ना पाण्याचा रंग बदलला, ना वास.
फक्त परीक्षानळीतला पिवळा
हळदीसारखा गडद होत गेला.
नोंदवहीत लिहिलं: अमोनिया अडतीस.
पाण्याचं तापमानही अडतीस. सोहारचा जुलै.

ही जात सावकाश वाढते.
बाकीचे जंतू जेवणवेळेत दुप्पट होतात,
यांना दिवस लागतो, कधी दीड,
आणि लाड तरी किती.

मॅनेजर म्हणाले, परदेशातून पुडे मागवू, तीन आठवडे.
टँकरवाला मुराद अल-बलुशी नुसता हसला.
शेजारच्या प्लांटवर त्याचा मेहुणा.
रात्री दीडला आम्ही गाळ मागायला गेलो,
वाटी घेऊन शेजारी जावं तसे,
वहिनी, जरा विरजण द्या.
दहा हजार लिटरची वाटी.
मेहुण्याने पैसे घेतले नाहीत.
पाइप सोडवताना तो काहीतरी बोलला,
मुरादने त्याचा अर्थ मला सांगितला नाही.

मग सोड्याची पोती, खांद्यावरून, मी आणि जिजो.
ब्लोअर रात्रंदिवस.
त्या घरघरीतही आम्ही हळू बोलायचो,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

चौथ्या दिवशी छत्तीस.
सहाव्या दिवशी पुन्हा सदतीस,
जिजो म्हणाला, नळी नीट धुतली नव्हती.
नवव्या दिवशी एकोणीस.
तेराव्या दिवशी
(आमच्याकडे या दिवशी गोडाचं जेवण असतं)
दोन.

पुढच्या कप्प्यात हवा बंद असते.
तिथे बुडबुडे वर येतात, साबुदाण्याएवढे.
नायट्रोजन.
तुरीच्या मुळांवरच्या गाठींनी तो कधीतरी
हवेतून ओढला असेल, लातूरकडे,
नाहीतर ब्रह्मदेशात, डाळीचं पोतं कुठे खरं सांगतं.
चार हजार माणसांनी ती डाळ खाल्ली,
लोखंड बांधलं, मुतले, झोपले.
आता तो सुटतोय, एकेक,
वर नुसतं पांढुरकं आभाळ.

मोरीपाशी पाटी लावली आहे:
इथे काही ओतू नका. पाच भाषांत.
मराठी त्यात नाही.
मराठी मी एकटाच,
आणि मला ठाऊक आहे.