ठेच

हॅनकॉकच्या चढावर, तांब्याच्या बंद खाणीमागे
म्हाताऱ्यांचं एक निवासगृह आहे.
तिथला पियानो आपला आपण वाजतो.
पट्ट्या खाली-वर होतात,
बाकावर कुणी नसतं.

जानेवारीत फोन आला.
"मध्येच थांबतो. मग आपणच सुरू होतो."
बोलणाऱ्या डनीज ट्रेंबलीबाई, मॅनेजर, नव्या.
जुन्यांची म्हणे काहीच तक्रार नव्हती.

पाठीवर झोपून शिरलो पट्ट्यांखाली.
फ्लॉपीचा ड्राइव्ह, वय वर्षं तीस,
आतला रबरी पट्टा वितळून काकवी झालेला.
हेड पुसलं स्पिरिटने,
कापसाच्या बोळ्यावर तपकिरी डाग उठला.
चकतीचं कातडं ते.
म्हणजे तेवढं संगीत आता
माझ्या चिमटीत होतं,
आणि परत घालता येणार नव्हतं.

तिसरी धून, एक वॉल्ट्झ.
त्रेचाळिसाव्या सेकंदाला
खर्र, खर्र, टक्.
डोकं मागे जातं, पुन्हा चाचपतं,
देवघरातली काडेपेटी अंधारात शोधावी तसं.
सापडली की पुढे.

चकती घरी नेली.
सतरा वेळा वाचली, सतरा वेळा नाही म्हणाली.
अठराव्यांदा, रात्री दोनला,
काय मनात आलं तिच्या कोण जाणे,
सगळी दिली.

जुन्या ड्राइव्हच्या जागी हल्ली एक डबी बसवतात.
फ्लॉपीचं सोंग घेते, पोटात मेमरी कार्ड.
ना पट्टा, ना मोटर, ना खरखर.
स्क्रू आवळले. चार वाजले होते.
कॉफी आली, वेलचीचा पाव आला,
चार जोड्या उभ्या राहिल्या,
एकीच्या हातात वॉकर.

त्रेचाळिसावा सेकंद आला
आणि खोलीतलं सगळं थांबलं, पियानो सोडून.
पाय अधांतरी. कप ओठांपाशी.
टोइवो हेइकिनेन कमरेत वाकलेला,
कुणापुढे तरी, अर्धा.
धून आपली गेली पुढे निघून.
वॉकर कुणाच्या तरी पोटरीवर आदळला,
एल्मा हसत सुटली,
आणि टोइवो माझ्याकडे वळून म्हणाला,
"मोडलास की रे तू हा."

मग कळलं.
अकरा वर्षं त्या खरखरीत
ही माणसं जोड्या बदलत होती.
आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
इथे सगळ्यांनी एकाच ठेचेवर
नाचायला शिकून घेतलं होतं.

टोइवो हळूच म्हणाला, "नाहीतर आयलीबरोबर नाचायची
पाळी माझ्यावर कधी आली असती?
तिचा नवरा होता ना तेव्हा.
भला माणूस. पण हात सोडायचा नाही."

गाडीत बसलो, लॅपटॉप मांडीवर,
काचेवर बर्फ, हीटर नावापुरता.
फाइल उघडली. त्रेचाळिसाव्या सेकंदाला कापली.
आता मध्ये किती शांतता घालायची?
जुना ड्राइव्ह कधी तीन घ्यायचा, कधी सात,
थंडी असेल तसा.

आत जाऊन विचारलं तर भांडणच लागलं.
एल्मा म्हणाली, गुडघ्यांना पाच तरी हवेत.
टोइवो म्हणाला, सहा.
आयली कोस्केला खिडकीशी बसून
लोकर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली,
"तीन खूप झाले."
आणि मग, दोन वेढे झाल्यावर,
"चार घाल. त्याला वाकायला वेळ लागतो."

बिलात डबीचे पैसे लावले, कार्डाचे लावले,
शांततेचे कोणत्या ओळीत लिहायचे
सुचलं नाही.

आठवड्याने पुन्हा फोन.
ट्रेंबलीबाई, आवाज कडक:
"पियानो अजून तिथेच थांबतो."
"हो," म्हटलं. "दुरुस्त झालाय."