पेटी

शालिक म्हणाला, पाणी नोको मारजा वैनी,
काजय भितीत मुरते, मंग सात जल्म निंघत नाई.
म्हणून आधी कोरडंच.
गव्हाचा कोंडा मुठीत घेऊन घासायचं,
वरून खाली,
मूठ काळी झाली की फेकायची, नवी घ्यायची.
अर्धं पोतं गेलं पहिल्या दिवशी
आणि जेमतेम जिन्याची बाजू उजळली.

कूलरची मोटर होती. बाकी काही नाही.
वैशाखात वर पत्रे तापतात, म्हणून तळघरात निजायचो आम्ही.
त्या दुपारी नेमके दारव्ह्याला लग्नात.
परत आलो तर कौतिकाबाई अंगणात उभी,
हातात रिकामी बादली,
आणि पायऱ्यांवरून धूर असा निवांत वर येत होता
जसं खाली कुणी चूल फुंकतंय.

मंडपाच्या दोनशे खुर्च्यांची एकच ढेप झाली,
गुळाची असते तशी, फक्त निळी.
शालिकनं ती कुऱ्हाडीनं फोडली.
सतरंजी उचलायला गेले
तर हातात नुसती नक्षी आली.

वासाला कोंडा लागत नाही.
तो भाकरीला येतो, उशीला येतो.

तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं,
जिथं सामान टेकून होतं
तिथं भिंत पांढरीच राहिली आहे.
उद्या तलाठी येणार पंचनाम्याला;
मी वही घेतली, भिंतीवरून वाचत गेले.
शिडी एक. ड्रम तीन.
गंज सात, मोठे, उतरंडीनं.
आणि कोपऱ्यात, गाद्यांच्या मागं,
हातभर लांब, दीड वीत उंच
एक कोरी चौकट.

ती तर विकली होती.
मोनालीच्या नर्सिंगच्या पहिल्या फीला.
नऊ हजार आले, म्हणाले होते हे,
आणि मी दोनदा मोजले होते.
त्या साली हे रात्री जिनिंगवर जायचे. हिशोबाचं काम, म्हणायचे.
पहाटे यायचे ते केसांत रुई घेऊन.
हिशोब लिहिणाऱ्याच्या केसांत
कशाला येईल रुई, हे मी
तेव्हा विचारलं नाही.

हे चुन्याची बादली घेऊन उतरले.
चौकटीकडं पाहिलं. माझ्याकडं नाही.
'कुठं ठेवू?'
'ठेवा तिथंच.'
यादीत लिहिलं, पेटी एक.
किमतीचा रकाना मोकळा सोडला.

चुन्यात तुरटी, चिमूटभर नीळ.
पहिला हात पिवळा पडला, दुसराही.
तिसऱ्यानंतर भिंत सगळी एकसारखी
आणि मला ती जागा सापडेना.

संध्याकाळी अंगणात शालिक राख चाळत होता.
चाळणीत पितळेच्या पट्ट्या अडकल्या,
बोटाएवढ्या, वाकलेल्या.
ह्यांनी एक उचलली, ओठांशी धरून फुंकली.
सूर नाही. काजळी उडाली ती माझ्या पातळावर.
'काळी चार,' म्हणाले,
आणि कोंड्याची मूठ पुढं केली.