वाममार्ग

डेन्व्हर म्हणजे अमेरिकेतलं नव्हे,
नॉरफकमधलं, नदीला दरवाजे लावलेलं खेडं.
एप्रिल, रात्रीचे अकरा.
टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळून
मी वामींची पिल्लं मोजते आहे:
काचेच्या सुया, आत दोन काळे ठिपके,
तेवढेच डोळे.

सत्तावीस वर्षांपूर्वी आले ती एका जनुकापुरती.
जनुक म्हणालं, पाण्याला विचार.
पाण्याने बोट दाखवलं झडपेकडे.
झडप उघडी ठेवली तर बटाटे कुजतात,
म्हणून बटाटेवाल्या मिसेस ऑल्डरटनकडे
तीन हिवाळे चहा प्यायले,
डिझेलचे दर, विम्याचे हप्ते उतरवून घेतले
(तिच्या कुत्र्याने माझा एक बूट खाल्ला).
हिशेब कळेना, तेव्हा चाळिशीत
अर्थशास्त्राच्या वर्गात, मागच्या बाकावर.
मग लॅटिन, अडखळत,
कारण ईलीच्या मठाच्या जुन्या चोपड्यांत
जमिनीचा खंड वामींत मोजलाय,
एका काठीला पंचवीस.

मुलाखतीत दरवेळी चष्मा पुसत कुणीतरी:
'तुमचा नेमका विषय कोणता?'
जीवशास्त्रवाल्यांना मी इतिहासातली वाटायचे,
इतिहासवाले मला चिमटीत धरून
ओल्या मोज्यासारखी परत करायचे.
आई फोनवर, मालवणहून: 'अजून मासेच?'
'वाम गं.'
'म्हणजे वाममार्गालाच लागलीस की!'
आणि खोकला येईपर्यंत हसली.

रेज सॅलिसने विषय विचारला नाही.
वेताचे सापळे विणणारा म्हातारा,
त्याने माझा हात हातात घेऊन पाहिला.
'फार गरम. आधी नदीत बुडव.
चटका बसतो त्यांना.'
फेब्रुवारीत गेला.
त्याच्या सोळा वह्या माझ्याकडे आल्या,
निम्म्या हवामानाच्या, निम्म्या शिव्यांच्या.
त्यातले आकडे मी शोधनिबंधात घातले.
परीक्षकाने समासात लिहिलं: 'विश्वासार्ह?'

आज उतरंडीवरच्या ब्रशांतून चढून आल्या
एक्केचाळीस.
ही उतरंड चार अनुदानांची,
एक तर पूरनियंत्रणाच्या नावाखाली मिळालेलं.
हीच तारीख, एकोणीसशे त्र्याहत्तर, रेजची वही:
'मोजल्या नाहीत. बादल्या संपल्या.'

बेचाळिसावी ब्रशात अडकली आहे.
मी हात पाण्यात धरून बसले आहे,
गार होईपर्यंत.