करंगळीएवढी जागा

नव्या जोडगाडीची किंमत वाचून
मालविकानं फोन पालथा ठेवला.
तेवढ्यात आमच्यासारख्या पाच सायकली आल्या असत्या.

मग मुलुंडच्या एक बाई. मुलं मोठी झालेली.
सात हजार म्हणाल्या.
जाळीची चेन अडकणारी, छतावर
कुणीतरी स्केचपेननं काढलेला मासा.

मी टेप घेऊनच गेलो होतो.
आमच्या सोसायटीचं छोटं गेट एकतीस इंच,
गाडी तीस.
दोन्हीकडे करंगळीएवढी जागा.

खाली भंगारवाल्या रियासतच्या काट्यावर
रेवती आणि धाकटा एकत्र बसले:
सव्वीस किलो, चपला धरून.
"काय भाव लावू?" त्यानं विचारलं.
रेवती म्हणाली, "याचा वेगळा सांगा."

पहिली फेरी मुलांविना.
तांदळाचं पोतं पट्ट्यात आवळून
चारकोपच्या स्पीडब्रेकरांवरून, हळूहळू.
दर वेळी मागे वळून बघितलं.
पोतं काही बोललं नाही.

आज रविवार, सहा वाजता, रस्ता अजून दूधवाल्यांचा.
मागून ओढ लागते. चढावर जास्त.
माशाखाली दोघांचं भांडण चाललंय
आणि मालविका पाठीमागच्या सायकलवरून ओरडते,
"डावीकडे दाबू नकोस रे,
तू आता रुंद आहेस."