रामबाग, घर क्रमांक अकरा

पूर्वी एका दारात एकच उत्तर मिळायचं.
रेगेसाहेब बोलत, मी पाच खुणा करत असे,
वर चहा, लवंगी शेव.

परवा त्याच ओट्यावर टॅब घेऊन उभा राहिलो.
साहेबांचं मत म्हणे घरी येऊन घेऊन गेले,
धाकट्याचं पुण्याहून तिकीट अजून वेटिंगवर.
मृदुलावहिनींनी सासऱ्यांचंच उत्तर
आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा दिलं.
फाटकापाशी मात्र हळूच विचारलं,
"खोडता येतं का हो त्यात?"

येत नाही.
दाबलं की गेलं इंदूरबाहेर.

काल रात्री टीव्हीवर तक्ता:
चूक फार तर तीन टक्के.
मी त्या तीन टक्क्यांत शोधत बसलो
एक फाटक,
आणि कडी लावायला
उगीच लागलेला वेळ.