न ऐकलेला गोल

आमच्या गावात चांदी सापडली, तेव्हा चर्चच्या आधी रिंक बांधलं
आणि रिंकच्या छताखाली, तुळयांना, एक खोका टांगला.
त्यात विल्मट काद्यू बसायचा, गुडघे हनुवटीला टेकवून,
माइकला बायकोचा लोकरी मोजा चढवलेला,
नाहीतर श्वासाचंच बर्फ व्हायचं लोखंडावर.
काच धुरकटली की बोलणं थांबवून नाण्याने खरवडायचा.
ते खरवडणंही ऐकू यायचं रेडिओवर.
लोक म्हणायचे, हां, आता नीट दिसेल आपल्याला.

मी साइमी लाहतेला, तेव्हा एकोणीस वर्षांची,
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला.
गावाबाहेर जाणारी तार एकच.
शनिवारी आठ वाजता मी तिच्यात खुंटी खोवायची
आणि काद्यूचा आवाज
स्प्रूसच्या जंगलातून दोनशे मैल, शहरातल्या मनोऱ्याकडे निघायचा,
तिथून परत आमच्याच स्वयंपाकघरांत यायचा.
रिंकपासून आमचं घर दोन गल्ल्या.
पण तिकिटाला पैसे कुठले? बाबा घरी ऐकायचे, जिवाचा कान करून,
बॅटरी शेगडीपाशी, मांजराच्या जागेवर.

बाबांचं इंग्रजी एवढंच होतं:
डावीकडून आला. अडवला. अजून वेळ आहे.
खाणीत छत बसलं तेव्हा दगडांपलीकडच्या माणसांना
त्यांनी हेच ओरडून सांगितलं म्हणतात,
अजून वेळ आहे.

फेब्रुवारी. उणे अडतीस. एक-एक अशी बरोबरी, शेवटची आठ मिनिटं.
पाटीवर सात नंबरचा दिवा लागला.
हलुश्चाकांची सुईण बोलत होती, मूल पायाळू आहे,
डॉक्टर पुढच्या गावात, तार दे.
मला कोणी शिकवलं नव्हतं अशा वेळी काय करायचं ते.
मी खुंटी उपसली.

चार मिनिटं.
अख्खा उत्तर भाग मुका झाला.
मग पाटीवरचे सगळे दिवे एकदम लागले, पोळं उठावं तसे.
मी एकही उचलला नाही.
पुन्हा जोडलं तेव्हा काद्यू सांगत होता, शांतपणे,
"तर आता दोन-एक."
गोल होऊन गेला होता. त्याने तो सांगितलाही होता,
मेलेल्या तारेला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो एक्स्चेंजमध्ये आला.
टोपीवरचं बर्फ माझ्या वहीवर ठिबकत होतं.
मला वाटलं, गेली नोकरी.
त्याने विचारलं, "मुलगा की मुलगी?"
"मुलगी."
"मग तुझं ऐकायचं राहिलं," म्हणाला, स्टूल ओढलं,
आणि डोळे मिटून तो गोल मला सांगितला,
हळू आवाजात, पूर्ण चार मिनिटं.
मध्येच थांबला, खिशातून नाणं काढलं,
टेबलाच्या कडेवर दोनदा खरवडलं,
मग पुढे.

ती मुलगी मोठी झाली, शेगड्या विकायची, हॉकीत तिला काडीचा रस नव्हता.
रिंक एकसष्ट साली जळालं.
काद्यूच्या आवाजाचं रेकॉर्डिंग म्हणाल तर कुठेच नाही.

आज तळ्यावर एक पोरगा एकटाच पक ढकलतोय
आणि स्वतःचंच धावतं वर्णन करतोय: डावीकडून आला.
आपटला, तर आपटण्याचंही केलं.
हे कोणाचं रे, विचारलं.
खांदे उडवले. "असंच म्हणतात."

आणि संध्याकाळी टीव्हीवर तो तरुण निवेदक,
गोल होणार हे सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं त्याला,
तेवढ्यात किंचित थांबतो.
त्याचे गुरू थांबायचे, त्यांचे गुरू थांबायचे.
त्याच्यासमोरची काच स्वच्छ आहे,
खोलीला ऊब आहे, खरवडायला काही नाही.
तरी थांबतो.