स्कोअरिंग विषय

मानवशास्त्र घेतलं, कारण
नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारचा म्हणाला,
ऑप्शनलला हेच धर,
सिलॅबस आटोपशीर आहे, मार्क पडतात.
तो पुण्यात सहावं वर्ष काढत होता,
त्याला माहीत असणार.
नंतर एमएलाही तेच.

पहिल्या प्रॅक्टिकलला डोकी मोजली.
कॅलिपरची थंड टोकं कानांच्या वर टेकवून
मुग्धा साबडे म्हणाली, हलू नकोस.
चौदा पॉइंट सहा.
सलूनमध्ये वस्तरा मानेवर असतो
तसा बसून राहिलो.

मग नात्यांचा तक्ता, ज्याचा त्याने, दहा मार्कांना.
पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ,
लग्नाला बरोबरचं चिन्ह
(मागच्या बाकावर कुणी हसलं),
मेलेल्यावर तिरकी रेघ.
आणि आधी संमती घ्यायची, आईची असली तरी.
सर म्हणाले, पूर्वी न विचारता मोजायचे.

रात्री हॉस्टेलच्या टाकीपाशी उभं राहून,
तिथंच जरा रेंज येते,
जतला फोन लावला. फॉर्म वाचून दाखवला:
आपण केव्हाही माघार घेऊ शकता.
"कशातनं? घरातनं?"
आई एवढी हसली की शेजारची काय झालं विचारायला आली.

मग सांगत सुटली. चुलते, साडू, चुलतजावा,
कुणाची सोयरीक कुठं मोडली, कुणी बांध कोरला.
कागद पुरेना, दुसरा जोडला.
दोन नंबरच्या आत्यापाशी थांबली.
"तिचं नगं लिहू."
नाव तरी?
"आता ते तुझं माघारीचं लाव की.
जेवलास का रं?"

पावणेबाराला व्हॉट्सॲपवर आवाज आला, चार सेकंदांचा.
मागं पंख्याची घरघर, आणि अगदी हळू:
"अन्साबाई. अन्साबाई व्हतं."

पुन्हा पुन्हा ऐकलं.
व्हतं म्हणजे नाव व्हतं, की बाई व्हती?
वर्तुळ काढलं. पट्टी ठेवली, तिरकी.
मग पट्टी उचलली.

सरांनी पेन्सिलीनं वर्तुळाशेजारी प्रश्नचिन्ह केलं,
खाली लिहिलं, माहिती अपुरी.

शेजारच्यानं विचारलं, पडले का?
सात.
बाकीचे तीन कुठे गेले?
आईला ठाऊक असेल.
विचारलं तर म्हणेल, जेवलास का.